दहा वॉट, एक जीप आणि अँटेनाची निवड

लातूर–औसा–किल्लारी–माकणी हा रस्ता मी गेली 11 वर्षे आठवड्यातून तीनदा तरी करतो. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीमुळे तेरणेच्या कालव्यांवर जावेच लागते आणि त्या जाण्यायेण्यात दिवसाचे दोन-अडीच तास जीपमध्ये जातात. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हाती आल्यावर हा वेळ रेडिओच्या संगतीत घालवावा असे वाटू लागले, आणि तिथूनच जीपवर कोणता अँटेना लावावा हा प्रश्न मागे लागला. तो सुटायला सव्वा वर्ष गेले. त्या काळात केलेल्या बहुतेक चुका मोजणीच्या एका यंत्रावर, म्हणजे मीटरवर नको तेवढा विश्वास ठेवल्यामुळे झाल्या, म्हणून हा अनुभव थोडा तपशिलाने लिहितो.

रेडिओचे वेड मात्र जुने आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औशाला शाळेत होतो. त्या दिवसांत हौशी रेडिओचालकांनी छोटे संच, मोटारीची बॅटरी आणि झाडाला बांधलेली तार एवढ्या सामग्रीवर निरोप पोचवले, हे मी घरातल्या मोठ्यांकडून ऐकले आणि ते डोक्यात राहिले. परीक्षा देऊन ‘व्हीयू3’ने सुरू होणारे बोलावण्याचे चिन्ह (कॉल साइन) मिळवायला मात्र पुढे कित्येक वर्षे लागली. परवान्यापाठोपाठ संच घेतला तो हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्स कुळातला. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे सुमारे तेवढ्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर तो सुमारे 10 वॉट देतो आणि वरच्या बँडांवर त्याहून कमी. मोर्ससाठी 5 वॉट आणि बोलण्यासाठी शिखरावर 10 वॉट ही कमी शक्तीच्या, म्हणजे ‘क्यूआरपी’ कामाची जगभर रूढ असलेली मर्यादा आहे, आणि माझा संच तिच्या आत बसतो.

घरी या 10 वॉटांनी कधी निराश केले नाही. गच्चीवर सुमारे 7 मीटर उंचीवर ताणलेल्या 20 मीटर लांबीच्या डायपोलवरून (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनावरून) सकाळच्या वेळी पुणे, हैदराबाद, बंगळुरू सहज मिळत असे. तोच संच जीपमध्ये ठेवला की काय होते, हे कळायला साधे गणित पुरे आहे. भारतात चाळीस मीटरचा बँड 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ आहे. 300 ला 7.1 ने भागले की लहरीची लांबी सव्वाबेचाळीस मीटर येते आणि तिचा चौथा भाग साडेदहा मीटरचा. आकाशवाणीचे परभणी केंद्र ज्या मध्यम लहरींवर चालते तिथे हाच चौथा भाग पन्नास मीटरांच्या पुढे जातो. अशा केंद्रांचा मनोरा तेवढा उंच बांधता येतो आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरलेले असते. माझ्याकडे मनोऱ्याच्या जागी जास्तीत जास्त सव्वादोन मीटरची काठी होती आणि तांब्याच्या जाळ्याच्या जागी जीपचा पत्रा. काठी जेवढी आखूड, तेवढी तिची उणीव गुंडाळीने, म्हणजे कॉइलने भरून काढावी लागते, आणि कॉइल आपला वाटा उष्णतेच्या रूपाने घेतल्याशिवाय राहत नाही.

पहिली खरेदी जानेवारी 2024 मध्ये केली. फायबरग्लासच्या काठीभोवती तार गुंडाळून वर प्लॅस्टिकचे आवरण चढवलेला, एका बँडसाठी एक काठी अशा पद्धतीचा 2.1 मीटरचा अँटेना आणि त्यासाठी तीन चुंबकांचे माउंट मी मागवले. जीपच्या छताला भोक पाडावे लागत नाही, एवढ्या एकाच गुणावर मी भाळलो होतो. छताच्या मध्यभागी ते बसवले, टोकाची सळई वर-खाली करून जुळवणी केली, आणि नॅनोव्हीएनए या हातात मावणाऱ्या मोजणी यंत्राने पाहिले तर रोध 46 ओहम, एसडब्ल्यूआर 1.1. संच आणि केबल 50 ओहमच्या हिशोबाने बनवलेले असतात; अँटेना त्यांच्याशी किती जुळतो हे एसडब्ल्यूआर सांगतो आणि 1 म्हणजे पूर्ण जुळणी. पुस्तकात शोभावा असा आकडा होता तो. त्या आनंदात मी औशाच्या पुढे, माळावर जीप थांबवून पुण्याच्या एका ज्येष्ठ हॅमना बोलावले. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. घरच्या डायपोलवरून ते मला पाच-सात, म्हणजे बोलणे स्पष्ट आणि सिग्नल चांगला, असा अहवाल देत, त्या दिवशी त्यांनी तीनदा माझे चिन्ह विचारले आणि शेवटी फोन करून म्हणाले, “काहीतरी आहे एवढं कळतंय, पण तुम्ही आहात हे फोनवरूनच कळलं.”

मी दोष संचाला दिला, मग बॅटरीच्या तारेला, मग आयनांबराला, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या आकाशातल्या थराला. पुढचे दोन महिने मी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी प्रयत्न केले आणि प्रत्येक वेळी आधी एसडब्ल्यूआर तपासून समाधान मानले. एप्रिलमध्ये सरांनी एक प्रश्न विचारला, तो असा: एवढ्या आखूड काठीचा उत्सर्जन-रोध किती असायला हवा?

तो हिशोब मी त्या रात्री मांडला. उत्सर्जन-रोध म्हणजे एकूण रोधाचा तो भाग, ज्यातली शक्ती लहरी होऊन बाहेर पडते. चाळीस मीटरवर 2.1 मीटरच्या, तारेने गुंडाळलेल्या काठीचा उत्सर्जन-रोध फार तर सव्वा ओहमच्या आसपास येतो. मीटर मात्र 46 ओहम दाखवत होता. मग उरलेले जवळजवळ 45 ओहम कुठले? ते काठीच्या तारेतले, चुंबकाच्या तळव्याखालचे, पत्र्याच्या सांध्यांतले आणि जीपखालच्या जमिनीतले होते. त्या रोधांत शिरलेली शक्ती तापण्यातच जाते. सव्वा भागिले 46, म्हणजे शेकडा 3 च्या जवळपास. माझ्या 10 वॉटांपैकी हवेत जात होता तो पाव वॉटाहून जरासा अधिक. ज्या आकड्यावर मी खूश होतो तो 50 ओहमच्या जवळ आला होता तो या नुकसानीमुळेच. नुकसानच नसलेला आखूड अँटेना मीटरला वाईट दिसतो, ही गोष्ट 100 वॉटवाल्याने विसरली तरी चालते, कारण तीन टक्क्यांतही त्याचे 3 वॉट बाहेर पडतात. 10 वॉटवाल्याला ती विसरून चालत नाही.

यानंतर एसडब्ल्यूआर बाजूला ठेवून मी रोध मोजू लागलो. तो कमी होत गेला पाहिजे, मग मीटर काहीही म्हणो.

सुरुवात चुंबकापासून केली. चुंबकाचा तळवा आणि छताचा पत्रा यांच्यामध्ये रंगाचा आणि रबराचा थर असतो, म्हणजे तिथे तारेची जोडणी नसून एक कपॅसिटर असतो. दोन मीटरच्या बँडवर तो पुरेसा ठरतो. 7 मेगाहर्ट्झवर मात्र तो वाटेतला अडथळा होतो. शिवाय औसा ते किल्लारी रस्त्यावर एका गतिरोधकाने हे माउंट वीतभर सरकवले होते आणि रंगावर ओरखडे उमटले होते ते वेगळेच. मी ते काढून टाकले आणि छताच्या कडेच्या पन्हाळीला लोखंडी कंस बोल्टने घट्ट बसवला, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने उघड्या पत्र्यापर्यंत खरवडला, दातेरी वायसर घातले आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस चोपडले. नव्या गाडीवर हे करायला हात धजावला नसता. जुनी गाडी ठेवण्याचे फायदे असतात, एवढेच सौ.ना सांगितले.

मग पत्र्यांची जोडणी. जीप बाहेरून एकसंध लोखंड दिसते, पण रेडिओच्या दृष्टीने ती सुट्या तुकड्यांची असते. दारे आणि बॉनेट रंगवलेल्या, ग्रीस भरलेल्या बिजागऱ्यांवर लटकलेली असतात आणि सायलेन्सरची नळी तर रबरी कड्यांत टांगलेली असते. मी जुन्या जाड कोएक्स केबलची जाळी सोलून, चपटी करून तिच्या पट्ट्या केल्या आणि त्यांनी चारही दारे, मागचे दार, बॉनेट आणि सायलेन्सर दोन ठिकाणी मुख्य सांगाड्याशी जोडले. पट्टी रुंद आणि आखूड हवी. बारीक, लांब वायर उच्च वारंवारतेला कॉइलसारखी वागते. या कामाला दोन रविवार लागले आणि गॅरेजवाल्या मामांना शेवटपर्यंत पटले नाही की ही इलेक्ट्रिकची दुरुस्ती नाही.

काठी तीच ठेवून पुन्हा मोजले तेव्हा रोध 46 वरून 29 ओहमवर आला होता. एसडब्ल्यूआर अर्थातच 1.1 वरून 1.7 वर गेला होता, आणि ज्या पट्ट्यात अँटेना जुळलेला राहतो तो पट्टाही अरुंद झाला होता. दोन महिन्यांपूर्वी मी याला बिघाड म्हटले असते. सरांच्या मीटरवर फरक फार मोठा दिसला नाही, पण त्यांनी माझे चिन्ह पहिल्या हाकेला घेतले.

आता काठी बदलायची होती. मोटर लावून कॉइल कमी-जास्त करता येणारा ‘स्क्रूड्रायव्हर’ अँटेना सगळ्यात सोयीचा असतो. तो अमेरिकेत प्रथम खरोखरच बिनतारी स्क्रूड्रायव्हरच्या मोटरवर बनवला गेला, म्हणून ते नाव पडले. पण चांगल्या बनावटीचा असा अँटेना माझ्या संचाच्या कित्येक पटींनी महाग पडत होता आणि त्याचे वजन पन्हाळीच्या कंसाला झेपणारे नव्हते. म्हणून घरीच करायचे ठरले. कॉइल कुठे ठेवावी हा इथला खरा निर्णय होता. ती बुडाशी ठेवली तर बांधायला सोपी आणि वाऱ्याला कमी अडणारी, पण मग सर्वाधिक प्रवाह कॉइलमध्येच राहतो आणि तिच्या वरच्या काठीत तो झपाट्याने ओसरत टोकाला शून्य होतो. कॉइल मध्यावर नेली की तिच्या खालचा अर्धा भाग जवळजवळ पूर्ण प्रवाह वाहतो आणि उत्सर्जन-रोध दुपटीहून अधिक होतो. त्याची किंमत अशी की कॉइलला वेढेही जवळपास दुप्पट लागतात. 2.2 मीटरच्या काठीसाठी माझा हिशोब अडीच ओहमच्या आसपास आला आणि कॉइल 45 मायक्रोहेन्रीची.

तार आणायला मी औसा रोडवरच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. तिथे विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटरींचा ढीग पडलेला असतो आणि इनॅमलची तार किलोवर मिळते. मालकांनी विचारले, “किती एचपीची मोटर आहे, साहेब?” मला 18 गेजची 7 मीटर, म्हणजे पाऊणशे ग्रॅमही न भरणारी तार हवी होती. त्यांनी ती उरलेल्या रिळावरून तशीच काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मात्र ही तार कशाला लागते हे नीट समजून घेतल्याशिवाय सोडलेही नाही. ठिबकच्या सामानातला 50 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घरात होताच. त्यावर 44 वेढे, दोन वेढ्यांमध्ये सारखे अंतर राहावे म्हणून सोबत नायलॉनची दोरी गुंडाळून आणि मग ती उलगडून काढून, 9 सेंटिमीटरमध्ये बसवले. वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळले तर कॉइल दिसते सुबक, पण तिचे नुकसान वाढते. कॉइलच्या खाली मीटरभर ॲल्युमिनियमची नळी आणि वर फॅब्रिकेशनवाल्याकडून आणलेली 3 मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई. स्टील वीजवाहक म्हणून तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण टोकाकडे प्रवाहच थोडा असल्यामुळे तिथे ते चालून जाते. खालच्या भागात ते चालले नसते.

सळई मुद्दाम लांब ठेवून कानशीने थोडी थोडी कमी करत जुळवणी केली. रोध 24 ओहम, एसडब्ल्यूआर 2.1. म्हणजे मीटरच्या मते जानेवारीपेक्षा दुप्पट वाईट, आणि माझ्या हिशोबाने 10 वॉटांपैकी 1 वॉट हवेत. हा 2.1 संचाला सोसवेल, पण त्याला विनाकारण तसे राबवू नये म्हणून अँटेनाच्या बुडाशी, मधल्या तारेपासून बॉडीपर्यंत एक छोटी कॉइल जोडली: एक इंच व्यासाचे, एक इंच लांबीत पसरलेले 8 वेढे, सुमारे 1.1 मायक्रोहेन्री. सळई आणखी किंचित आखूड केली की हा 24 ओहमचा अँटेना केबलला 50 ओहमसारखा दिसतो. मीटर पुन्हा 1.1 दाखवू लागला. जानेवारीतला 1.1 आणि हा 1.1 मीटरवर सारखेच दिसतात; त्यांच्यातला फरक मीटरला सांगता येत नाही. बुडाच्या कॉइलचा एक वरकड फायदा असा की काठी विजेच्या दृष्टीने बॉडीला जोडली जाते आणि कोरड्या वाऱ्यात काठीवर साठणारा स्थिर विद्युतभार वाहून जातो.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्याच माळावरून सरांना हाक दिली. आधी चुंबकी माउंटवरची जुनी काठी, मग कंसावरची नवी, पुन्हा जुनी, पुन्हा नवी, अशी दहा मिनिटांत अदलाबदल केली, कारण आयनांबराचा लहरीपणा वगळायचा तर तुलना लागोपाठच व्हायला हवी. ऐकणाऱ्या संचाच्या मीटरवर सिग्नलची ताकद एस-युनिटमध्ये मोजतात; नवी काठी दर वेळी जवळजवळ एका एस-युनिटने वर होती. हिशोब साडेपाच डेसिबेलचा होता आणि एक एस-युनिट म्हणजे 6 डेसिबेल, त्यामुळे आकडे जुळले असे म्हणायला हरकत नाही. संचाची शक्ती 10 वरून 35 वॉट केली असती तर एवढाच फरक पडला असता.

डायपोलची बरोबरी मात्र झाली नाही, आणि त्याचे कारण केवळ नुकसानीत नाही. लातूरहून पुणे सरळ रेषेत 290 किलोमीटरच्या आत आहे. आयनांबर सुमारे 300 किलोमीटर उंच धरले तर लहर साठ अंशांहून अधिक चढाने वर जाऊन परतावी लागते, आणि उभी काठी नेमकी डोक्यावरच्या दिशेला कमी देते. म्हणून कंसावर एक वळता सांधा बसवला आहे. जीप थांबलेली असताना काठी मागे तिरकी केली की जवळची ठाणी सुधारतात. मात्र काठी पत्र्याजवळ आल्याने जुळवणी खाली सरकते आणि सळई आणखी बोटभर कमी करावी लागते. यासाठी वरच्या सळईचे दोन तुकडे वेगळे ठेवले आहेत. चौदा मेगाहर्ट्झसाठी कमी वेढ्यांची दुसरी कॉइल आहे. तिथे तीच काठी लहरीच्या मानाने दुप्पट लांब ठरते, उत्सर्जन-रोध चौपट होतो आणि शक्तीचा मोठा हिस्सा बाहेर पडतो. त्या बँडवर पुणे ऐकूच येत नाही, पण माकणीच्या धरणाजवळून मस्कतच्या ठाण्याशी झालेले बोलणे त्याच काठीवरचे आहे. 28 मेगाहर्ट्झवर तर अडीच मीटरची काठी कॉइलशिवाय पूर्ण चौथा भाग होते, आणि 2024 मध्ये सौरचक्र ऐन भरात असल्यामुळे तो बँड दिवसा उघडा असे. ज्यांना जीपमधून दूरचे बोलायचे आहे त्यांनी सुरुवात वरच्या बँडांवरून करावी, असे माझे मत आहे. मी नेमकी उलटी केली. दोन मीटरच्या बँडसाठी छताच्या मध्यावर 49 सेंटिमीटरची साधी काठी पुरते, तिथे डोकेफोड नाही.

ऐकण्याची बाजू वेगळी आहे. जीप डिझेलची असल्याने स्पार्क प्लगची तडतड नाही, पण सिगारेट लायटरच्या खोबणीतला मोबाइल चार्जर एकटाच अर्धा बँड झाकून टाकत होता. तो काढला. संचाला वीज थेट बॅटरीवरून, दोन्ही तारांना फ्यूज लावून घेतली, तेव्हा अल्टरनेटरची शिटी बरीच कमी झाली.

थांबून अर्धा तासाहून अधिक बोलायचे असेल तर मी जीपवरची काठी वापरतच नाही. लिंबाच्या फांदीवरून 10 मीटर तार टाकून तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या दोन-तीन तारा जमिनीवर पसरल्या की कुठलाही वाहनावरचा अँटेना तिच्यापुढे फिका पडतो. चालती जीप आणि दहा मिनिटांचा थांबा, एवढ्यासाठीच काठी आहे. गाडी चालवताना मी फक्त ऐकतो. बोलायचे तर बाजूला थांबतो. तार किंवा काठी उभी करण्याआधी मात्र वर पाहण्याची सवय हाताला लागली पाहिजे. पाणंदीच्या रस्त्यांवर शेतातल्या 11 केव्हीच्या तारा कुठे कुठे इतक्या झोळ पडलेल्या असतात की जीपच्या टपावरची काठी त्यांच्या धोकादायक जवळ जाते. अशा वाटेला लागताना मी काठी उतरवून आत घेतो. वळवाचे ढग दाटले की केबल संचापासून सोडवून काठी खाली ठेवतो, कारण मे-जूनमध्ये इकडे वीज पडण्याचे भय असते आणि उघड्या शिवारात सगळ्यांत उंच वस्तू आपलीच असते.

गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला वाट देताना बाभळीची फांदी लागून वरची सळई वाकली आणि कॉइलच्या टोकाचा पीव्हीसी तडकला. तेव्हापासून कॉइलच्या वरून कॅरिअरपर्यंत नायलॉनचा ताण बांधला आहे आणि बुडाशी स्प्रिंग घातली आहे. ताशी 60 च्या पुढे काठी मागे झुकते आणि जुळवणी थोडी हलते, पण ऐकायला त्याने काही बिघडत नाही. पत्र्याच्या पट्ट्या दर पावसाळ्यानंतर उघडून पाहतो. यंदा मागच्या दाराच्या पट्टीखाली गंज धरलेला सापडला. रोध 24 चा 31 झाला होता आणि मीटरवरचा एसडब्ल्यूआर मात्र जवळजवळ होता तसाच होता.